संध्याकाळची तारली

९ मार्च

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. वर्षभर जो माणूस माझ्याशी बोलला नाही, त्याच्यासाठी एवढा मोठा शब्द कागदावर ठेवायला हात धजला नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते कोणी उचलायची वाट बघत नाही, दारात येऊन पडतं.

कामाचंच लिहिते आहे, घाबरू नकोस.

बंदीकाळात आमच्या प्रयोगशाळेसाठी नमुन्याचे मासे आणायचा परवाना यंदा मच्छीमार सोसायटीने तुझ्या बोटीला दिला. अध्यक्षाची बोट असताना तो दुसऱ्या कोणाला मिळणार होता म्हणा. पेटी वेळेवर येते, बर्फ भरपूर असतो, मासे चकचकीत असतात. माझी तक्रार एकच आहे. मासे सकाळच्या जाळ्यातले असतात.

तारली काही सगळी अंडी एकदाच घालून मोकळी होत नाही. हंगामभर ती हप्त्याहप्त्याने घालते. ज्या रात्री घालायची असतात, त्या दिवशी दुपारनंतर त्या हप्त्याची अंडी पाणी पिऊन फुगतात आणि काचेसारखी आरपार होतात. संध्याकाळी पोट दाबलं की ती वाहतात. अंधार पडला की मादी ती समुद्रात सोडून देते. तीच मादी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली, तर अंडाशय सैल आणि लालसर दिसतो, पैसे काढून घेतलेल्या पिशवीसारखा. बघणारा म्हणतो, झालं, हिची वीण संपली. पण आत पुढचा हप्ता तयार होत असतो, तो फक्त नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

समिती महिनाभरात बसेल आणि समुद्र कधी खुला करायचा ते ठरवेल. माझ्या टेबलावर मात्र पेटीमागून पेटी सैल पोटाचेच मासे येताहेत. पूर्वी नमुना संध्याकाळचाच यायचा, बाबांच्या वेळेपासून. यंदा हे का बदललं, ते मला कोणी सांगितलं नाही. एक फेरी संध्याकाळी कर, एवढंच मागणं आहे.

बोटीला नवा रंग दिलास असं ऐकलं. त्यावरचं आईचं नाव नीट रंगवून घेतलंस ना? गेल्या वर्षी त्यातलं पहिलं अक्षर उडालं होतं आणि धक्क्यावरचे लोक भलतंच काहीतरी वाचायचे.

तुझी,
चिमटी

१८ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पेटीवर चिकटवलेल्या पावतीच्या मागे, पेन्सिलने लिहिलेलं: ‘संध्याकाळी माणसं मिळत नाहीत. सकाळचे घे.’ वर्षभराने आलेलं पत्र म्हणून जपावं की बर्फाच्या पाण्यात भिजलंय म्हणून टाकून द्यावं, ते मला ठरवता येईना. शेवटी हातमोजे वाळवायच्या दोरीवर चिमटा लावून टांगून ठेवलं. येणारे-जाणारे विचारतात, हा कोणता नमुना.

मी नोकरीला नुकती लागले होते, तेव्हाची ती संध्याकाळ तुला आठवते का, असं मी विचारणार नाही. ती तुला आठवतेच. पुस्तकात वाचलेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं आणि आमची सरकारी बोट नेहमीप्रमाणे बिघडलेली होती. बाबा म्हणाले, उद्या बघू. तू म्हणालास, “उद्या कशाला? चल, बस.” तू जाळं ओढलंस. मी एकेक मासा उचलून पोट दाबत होते आणि काही म्हणजे काही निघत नव्हतं. मी रडकुंडीला आले. मग तू एक जाडजूड मादी उचललीस आणि अंगठ्याने हलकेच दाबलीस, तर तुझ्या तळहातावर अंडी वाहिली. “अगं चिमटे, ही तर भिजवलेली खसखस!”

मी तुला तिथेच, ओल्या जाळ्यावर बसून, सगळं सांगितलं. ही आज रात्री अंडी सोडेल, उद्या सकाळी हिचं पोट सैल दिसेल, आणि ज्याला हे माहीत नसेल तो फसेल. तू म्हणालास, “म्हणजे सकाळच्या पारी तारलीला काही विचारायचंच नाही. बाळंतीण ती, दमून पडलेली.” हे वाक्य मी पुढे किती व्याख्यानांत वापरलं, दादा. दर वेळी तुझं नाव घेऊन.

तू म्हणशील, तुझ्याकडे एवढी यंत्रं आहेत, सकाळच्या माशातूनच शोधून काढ की. काढलंय. अंडाशय मेणात बसवून, केसाहून पातळ कापून, रंगवून काचेखाली धरलाय. काल रात्री जिथून अंडं निघून गेलं, त्या सुरकुतलेल्या पिशव्या दिसतात आणि त्यांच्या शेजारीच पुढच्या हप्त्याची दाणेदार अंडी दाटीवाटीने बसलेली दिसतात. वीण अगदी जोरात आहे. पण समितीचे प्रमुख, म्हणजे मत्स्यखात्याचे मोठे साहेब, मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, “बाई, मला तर गुलाबी ठिपकेच दिसतात.” त्यांचं म्हणणं, पाच माणसांना नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं काही आणा, मग बंदी वाढवतो. नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी एकच गोष्ट आहे आणि ती संध्याकाळच्या माशातच असते.

तुझा राग कशावर आहे ते मला कळतं. गेल्या वर्षी मी ‘अजून थांबा’ म्हटलं आणि तू सोसायटीत उभा राहून म्हणालास, “माझी बहीण सांगते म्हणजे थांबायचं.” आपल्या बोटी थांबल्या. पलीकडच्या बंदरातल्या थांबल्या नाहीत, त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत मासा नेला आणि चारचौघांत तुझं हसं झालं. बंदी मोडली त्यांनी आणि बोलणं बंद केलंस माझ्याशी. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

एक संध्याकाळ, दादा. माणसं मिळत नसतील तर मी येते जाळं ओढायला. पाठ धरते हल्ली, पण येईन.

चिमटी

२९ मार्च

दादा,

मी घरी येऊन गेले ते तुला माहीत आहेच, कारण मी आले तेव्हा तू आतल्या खोलीत होतास. वहिनी म्हणाली, “ते झोपलेत गं.” तेवढ्यात आतून टीव्हीचा आवाज वाढला. साबणाची जाहिरात चालू होती. जाहिरातीचा आवाज कोणी वाढवतं का रे? निदान बातम्यांपर्यंत तरी थांबायचंस.

वहिनीने मला स्वयंपाकघरात बसवलं. चहा केला, माझ्या चहात साखर कमी लागते हे न विचारता लक्षात ठेवून. ती हळू आवाजात सांगत होती, मी मोठ्या आवाजात विचारत होते, म्हणजे तुला निम्मं तरी ऐकू गेलं असेल. उरलेलं लिहिते. ती म्हणाली, तुझ्या बोटीवरचे निम्मे खलाशी पलीकडच्या बंदरात कामाला गेले. जे राहिलेत ते रोज येऊन ओट्यावर बसतात, काही बोलत नाहीत, नुसते बसतात. “ते बसले की ह्यांना जेवण जात नाही,” ती म्हणाली. समुद्र अजून महिनाभर बंद राहिला तर उरलेलेही जातील आणि बोट ओढायला माणूस उरणार नाही, हे मला कळतं. तुला काय वाटतं, मला ओटा नाही म्हणून मला काही दिसत नाही?

पण तारली जेमतेम दोन-तीन वर्षं जगते. एका वर्षाची वीण जाळ्यात गेली, की पुढच्याच वर्षी ओट्यावर बसायलाही कोणी येणार नाही. दरवर्षी जाळं हलकं होत चाललंय हे मला माझ्या आकड्यांवरून कळतं, तुला हाताला कळत असेल. मी तुझ्या पोटावर पाय द्यायला बसलेली नाही. ते पोट पुढच्या वर्षीही भरावं म्हणून बसले आहे. हे वाक्य भाषणासारखं झालं, पण राहू दे.

निघताना वहिनी म्हणाली, “तुम्ही दोघं बोलत का नाही? मला मधल्यामधे दळू नका.” मी कप विसळून ठेवला. तुझ्या घरात ती एकटीच आहे जिला मी अजून माणूस वाटते.

मी इतर बोटवाल्यांकडेही गेले होते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. खास परवाना काढून देते म्हटलं, एक संध्याकाळ चला म्हटलं. सगळे गोड बोलले. कोणाचं इंजिन बिघडलं होतं, कोणाचं जाळं फाटलं होतं, आणि एकाची तर म्हणे सासू आजारी होती. शेवटी जो सर्वांत म्हातारा आहे तो खरं बोलला, “बाई, अध्यक्षाच्या शब्दाबाहेर कसं जायचं? भाऊ तुमचा आहे, तुम्हीच सांगा की त्याला.”

म्हणून सांगते आहे.

तुझी बहीण

६ एप्रिल

मा. अध्यक्ष, मच्छीमार सोसायटी,

कालच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे १० एप्रिलपासून समुद्र मासेमारीसाठी खुला होत आहे. या निर्णयाला आमच्या प्रयोगशाळेची संमती नाही, याची नोंद घ्यावी.

सरकारी भाग संपला. आता पुढचं वाच.

तू छान कापतोस. तुझा हात अजून बाबांसारखाच चालतो, शेपटीकडून गळ्यापर्यंत एका रेघेत. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तुझी सकाळची तारली. तू एकेक उघडत होतास आणि सैल अंडाशय सुरीच्या टोकाने वर उचलून दाखवत होतास. “बघा साहेब, रिकामी. ही पण रिकामी. आता काय समुद्रात पाळणे बांधायचे?” मी म्हटलं, हे सकाळचे मासे आहेत, संध्याकाळचा एक तरी नमुना येऊ द्या, मग ठरवा. मोठ्या साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. तू खांदे उडवलेस आणि म्हणालास, “मासा तो मासा. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असं असतं होय?”

मी तुझ्याकडेच बघत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग तो कारखानदार बोलला. डबाबंद मासळीचा कारखाना आहे म्हणून मान द्यायचा, नाहीतर लहानपणी त्याला ‘पिंप’ हे नाव तूच ठेवलं होतंस. तो म्हणाला, “बाईंनी स्वतः कधी पाळणा हलवला नाही, आणि माशांची बाळंतपणं आम्हाला शिकवतात!” उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळी खोली हसली. मोठे साहेब रुमाल तोंडाला लावून हसले. त्यांचं मला काही नाही. पिंपाला पोटाशिवाय काही नाही हे मला बालपणापासून माहीत आहे.

तू हसलास, दादा. मोठ्याने नाही. खाली माशांकडे बघत, सुरी पुसत हसलास.

पाळणा का हलला नाही, हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं. हॉस्पिटलच्या त्या बाकावर माझ्या नवऱ्याच्या आधी तू येऊन बसला होतास. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तुलाच सांगितलं, मला सांगायचं काम तुझ्यावर आलं, आणि तू आत येऊन काहीच न बोलता माझी वेणी घालत बसलास. तुला वेणी घालता येत नव्हती. नवरा पुढे त्याच्या वाटेने गेला. मला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही, ती वाकडी वेणी आठवते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, म्हणून मी फक्त कागद गोळा केले, टेबलावरचे मासे उचलले आणि निघाले. वर्तमानपत्राला रक्त लागलं होतं, ते मीच गुंडाळून टाकलं. तुम्हा लोकांना टाकायची सवय नाही.

प्रयोगशाळा प्रमुख

८ एप्रिल

दादा,

एकच विचारायचं आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिही, पावतीच्या मागे लिहिलंस तरी चालेल.

सकाळची तारली फसवते, हे तू विसरला होतास का?

विसरला असशील तर मी तुला माफ करीन, अगदी आत्ता, या कागदावर. माणूस विसरतो. इतकी वर्षं झाली, मध्ये बाबा गेले, आई गेली, बोट तुझ्या एकट्यावर आली. विसरलास असं लिही.

आणि लक्षात ठेवून सकाळचे मासे आणत असशील, तर माझ्याच हातचं सूत घेऊन तू माझ्यासाठी जाळं विणलंस. मग काही लिहू नकोस.

११ एप्रिल

दादा,

तू काही लिहिलं नाहीस.

काल समुद्र खुला झाला. मी खिडकीतून बोटी जाताना बघितल्या. आईचं नाव लांबूनही वाचता येत होतं, निळ्यावर पांढरं. सुबक काढलंय, पेंटर बदललास वाटतं.

संध्याकाळच्या जाळ्यातला मासा धक्क्यावर थांबत नाही हे मला माहीत आहे. तो थेट पिंपाच्या कारखान्यात जातो, तिथे यंत्र डोकं आणि पोट उडवतं आणि पोटातलं सगळं खत म्हणून जातं. कारखान्याच्या फाटकावर मला आत सोडलं नाही. बाजारात येतो तो सकाळचा मासा. तेव्हा मी म्हटलं, संपलं, आता कागद लिहायचे आणि फायलीत लावायचे.

आज अंधार पडायच्या आत बर्फवाला आला. त्याच्या हातात वहिनीचा डबा होता, तो घट्ट झाकणाचा. त्यात बर्फावर तारली, साफ न केलेली, आणि वर वहिनीची चिठ्ठी. ‘आपल्याच बोटीची आहे. संध्याकाळच्या पहिल्या जाळ्यातली. तुला पोटातली गाभोळी आवडते म्हणून कापली नाही, तशीच पाठवते. दोन घास खा, वाळली आहेस किती. ह्यांना सांगू नकोस.’

मी डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. एप्रन घातला नाही, हातमोजे घातले नाहीत. एक मादी उचलली आणि अंगठ्याने दाबली.

भिजवलेली खसखस, दादा. माझ्या तळहातावरून मनगटापर्यंत वाहिली. दुसरी दाबली, तीही तशीच. मी एकटीच उभी होते आणि मला रडू यावं की हसू, ते कळेना. शेवटी नुसती चिडले. ज्या एका माशासाठी मी महिनाभर दारोदार फिरले, तो मला खायला आला.

आता पुढचं नीट वाच, कारण चिठ्ठी पाठवणाऱ्या वहिनीला यातलं काही कळता कामा नये. उद्या सकाळी मोठ्या साहेबांनी समितीला दुसऱ्या कामासाठी बोलावलं आहे. मी हे मासे तिथे घेऊन गेले, तर परवा समुद्र पुन्हा बंद होईल. मासे तुझ्या बोटीचे, तुझ्या घरातून आलेले. मग माझ्यासाठी तुझ्या घराचं दार बंद होईल, जे एवढं तरी किलकिलं होतं ते. आणि नेले नाहीत, तर यंदाची वीण तुमच्या जाळ्यात जाईल, आणि मी उरलेल्या नोकरीत त्याचे आलेख काढीन.

तू स्वतः ये. उद्या बैठकीच्या आधी धक्क्यावर ये, नाहीतर थेट समितीत ये, आणि तूच सांग की संध्याकाळच्या माशात अंडी आहेत. तू सांगितलंस की मला काही दाखवावं लागणार नाही. वहिनीच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडावं लागणार नाही. मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि लोकांना वाटेल की आपण दोघांनी मिळून शोधून काढलं. ते एका अर्थी खरंच आहे.

हे पत्र बर्फवाल्याच्याच हातात देते आहे. तो म्हणाला, तुझ्या हातातच देईन.

चिमटी

१३ एप्रिल

दादा,

काल मी धक्क्यावर थांबले होते. तुझी बोट जाताना दिसली. तू सुकाणूवर होतास आणि तू मला बघितलंस, कारण तू टोपी पुढे ओढलीस. बर्फवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, “बाई, त्यांनी माझ्यासमोर फोडलं, वाचलं आणि खिशात घातलं.” म्हणजे माझ्या आठ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तेव्हा काल काय झालं ते आता माझ्याकडूनच ऐक. दुसऱ्याकडून ऐकशील तर मीठमसाला लागून येईल.

मी डबा समितीच्या टेबलावर ठेवला. भाषण केलं नाही. मोठ्या साहेबांच्या टेबलावर काच आहे, त्या काचेवर एक तारली धरली आणि दाबली. साहेब खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. मग वाकले आणि एक अंडं बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीकडे धरलं. त्यांना मायक्रोस्कोप लागला नाही. पिंप म्हणाला, “कुठून तरी आणले असतील, दुसऱ्या समुद्रातले.” साहेबांनी विचारलं, “बाई, बोट कोणती?”

मी बरणी पुढे केली. डब्यातले काही मासे मी रात्रीच फॉर्मालिनमध्ये घातले होते. बरणीवर लेबल लावावं लागतं, नियमच आहे: तारीख, जाळं टाकल्याची वेळ, बोट. बोटीच्या रकान्यात मी आईचं नाव लिहिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या अक्षरात ते पहिल्यांदाच लिहिलं गेलं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा बाबांचंच असायचं. ती असती तर म्हणाली असती, माझं नाव कुठेकुठे चिकटवता गं तुम्ही पोरं.

साहेबांनी ते वाचलं. “ही तर सोसायटीच्या अध्यक्षांची बोट.”

“हो.”

“तुमच्याकडे मासे आले कसे?”

“अध्यक्षांच्या घरून आले. डब्यात.”

मी एवढंच बोलले आणि ते अक्षरशः खरं आहे. मग साहेब पिंपाकडे वळून म्हणाले, “बघा, याला म्हणतात माणूस. अध्यक्ष म्हणून सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, पण मनाला पटलं नाही तेव्हा गुपचूप बहिणीकडे नमुना पाठवला. स्वतःचं नुकसान करून!” पिंपाचं तोंड एवढं उघडं पडलं होतं की त्यात एक तारली मावली असती. सोसायटीचे दोघं तिथे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसलं ते तुझ्या कौतुकाचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट धक्काभर झाली असेल आणि खलाशांनी ओट्यावर बसून तिचा उभा-आडवा अर्थ लावला असेल.

तेव्हा मी सांगू शकले असते, की डबा माझ्या भावाने पाठवलेला नाही, त्याला ते माहीतही नव्हतं. सांगितलं नाही. त्या दिवशी तू सुरी पुसलीस, काल मी बरणी पुसली. फिट्टंफाट झाली.

समुद्र उद्यापासून पुन्हा बंद आहे. विणीचे आठवडे संपेपर्यंत नमुना संध्याकाळचाच येईल, सरकारी बोटीने. ती दुरुस्त करायचा हुकूम साहेबांनी तिथल्या तिथे काढला.

आता तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. सोसायटीत उभा राहा आणि सांग, मी पाठवला नाही. मग ते विचारतील, मग तुझ्या घरातून कोणी पाठवला? वहिनीची चिठ्ठी या पत्राच्या घडीत ठेवली आहे. तिच्या अक्षरात आहे, खाली सही नाही, पण अक्षर सगळ्यांना ओळखता येईल. माझ्याकडे तिची नक्कल नाही. ती वाचून दाखव, तू त्यांच्यातला होशील, खलाशी परत तुझ्या ओट्यावर बसतील आणि वहिनीला बाजारात मान खाली घालून फिरावं लागेल. नाहीतर गप्प बस. मग जन्मभर लोक म्हणतील, अध्यक्ष दगाबाज निघाला, पण खरं बोलला. आयुष्यात एकदा फुकटचा प्रामाणिकपणा पदरात पडतो आहे, दादा. न मागता आलेला आहे, सोडवत असेल तर सोड.

वहिनीला यातलं काही कळलं होतं का, असा विचार काल दिवसभर माझ्या डोक्यात फिरत होता. जन्मभर मासे साफ केलेली बाई ती. संध्याकाळच्या जाळ्यातली, साफ न केलेली, आपल्याच बोटीची, असं सगळं बैजवार लिहून कशाला पाठवील? मी तिला विचारणार नाही. तूही विचारू नकोस. निदान त्या एका बाबतीत तरी आपण दोघं एकत्र राहू.

गाभोळी मी खाल्ली नाही. सगळी बरण्यांत गेली.

डबा परत पाठवते आहे. घासून, उन्हात वाळवून. आई म्हणायची, कोणाचा डबा रिकामा परत करू नये, आणि माझ्या घरात घालण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून हे पत्र त्यात घातलं आहे. झाकण घट्ट आहे, वहिनीला उघडता येणार नाही, ती तुलाच हाक मारील.

चिमटी